हे पाण्यात सोडू नये

बायको रुक्साना गेल्यापासून कुणी "बरं हाय का?" विचारलं की हुसेनसाब म्हणायचा, "हाय की." कसलं बरं अन् कसलं काय! भूक नाही, झोप नाही, डोळ्यांत टिपूस नाही. सोलापुरातून रिकामा टेम्पो काढायचा, उजनीच्या काठच्या गावांत केळी भरायची, परत यायचं. टेम्पो चालत होता म्हणून हाही चालत होता.

चाळिसावा झाल्यावर बहीण राहतनं रुक्सानाचे कपडे वाटून टाकले. कपाटाचा वरचा कप्पा तेवढा हुसेनसाबनं स्वतः आवरला. तिथं कुराणशरीफशेजारी हिरव्या फडक्यात गुंडाळलेली एक जाड वही निघाली. शिवण उसवलेली, पानं सुटलेली. वर ७८६, खाली सगळं उर्दू. रुक्साना उर्दू शाळेतली. हा गडी गावाकडच्या मराठी शाळेत शिकलेला. उर्दू अक्षर दिसलं की याला ते पाक, पवित्रच वाटायचं. दुपारच्या वेळी ती काहीतरी लिहीत बसायची खरी, दुवा उतरवून घेत असेल, असं तो धरून चालला होता.

अल्लाचं नाव असलेला जीर्ण कागद मोहल्ल्यात कुणी कचऱ्यात टाकत नाही की रद्दीत घालत नाही. सगळं एका पोत्यात जमा होतं आणि ते पोतं हुसेनसाबच्या टेम्पोतून उजनीला जातं. कितीतरी वर्षं हे काम त्याच्याकडंच. त्यानं वहीचं चुंबन घेतलं, डोळ्यांना लावली आणि पोत्यात घातली. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, पोत्याला दगड बांधून, दोन्ही हातांनी अलगद खाली सोडलं. तिच्यासाठी एक काम तरी नीट झालं, असं त्याला वाटलं.

चार दिवसांनी आयेशा स्टुलावर चढून कपाट उपसायला लागली. पोरीचं लग्न पुढच्या महिन्यावर आलेलं.

"अब्बा, अम्मीची वही कुटं हाय?"

"कसली वही?"

"आमची. मी पोटात होते तवापास्नं लिहीत होती. मला, धाकट्या गुफरानला चिठ्ठ्या लिहिल्यात त्यात. लग्नाच्या दिवशी देते म्हनली होती. हिरव्या फडक्यात असायची बगा."

हुसेनसाब खाली बसला. राहतनं नेली म्हणावं, उंदरांनी खाल्ली म्हणावं, सगळं जिभेवर येऊन गेलं. पण थापा मारायलासुद्धा अंगात जीव लागतो.

"मी सोडली," तो म्हणाला.

"कुटं?"

"उजनीत. पोत्यात घालून. दुवा असतील वाटलं गं."

"वाचता येत न्हाय तर विचारायचं तरी! मला येतंय की वाचायला! एका शब्दानं विचारलं असतं तर?"

"व्हय," तो म्हणाला.

आयेशा भिंतीला टेकून हमसून हमसून रडली. हुसेनसाब बघत राहिला. तिला रडता येतंय, याचा त्याला हेवा वाटला. बापानं लेकीच्या रडण्याचा हेवा करावा, काय म्हणावं याला!

संध्याकाळी तिनं चहा आणून ठेवला आणि गुफरानची एक कोरी वही उघडून समोर बसली. डोळे सुजलेले.

"सांगा."

"काय सांगू?"

"अम्मीचं. जे याद हाय ते."

"मला काय म्हाईत असनार? मी कायम गाडीवर."

"जेवढं हाय तेवढं सांगा की. मराठीत लिहिते."

त्यानं चहावरची साय बोटानं बाजूला केली. मग म्हणाला, "लिहिताना जीभ दाताखाली धरायची. मी आलो की वही झाकायची. म्हनायची, तुमचं बी लई हाय यात. मला वाटायचं, माज्या नावच्या दुवा असतील. मी म्हनायचो, मग वाचून दाव की. तर म्हनायची, सवड काढा, बसा, वाचते." त्यानं कप बाजूला सारला. "मी बसलोच न्हाय."

आयेशाचं पेन हललं नाही. त्याला वाटलं, पोरगी परत रडणार.

"वर ७८६ घाल," तो सवयीनं म्हणाला. "ती घालायची."

तिनं घातलं. मग जरा विचार करून त्याच्याखाली मोठ्या, ठळक अक्षरांत आणखी काहीतरी लिहिलं आणि वही त्याच्याकडं फिरवली. हुसेनसाबनं बोट ठेवून एकेक शब्द वाचला.

'ही आमच्या अम्मीची वही हाय. हे पाण्यात सोडू नये.'

त्यानं परत पहिल्यापासून वाचायला घेतलं. 'अम्मी'वर बोट आलं आणि तिथं त्याला रडू फुटलं.