घोडीच्या दारातलं काळं तट्टू

सिद्धनाथ मेंढक्याला आपल्या वावरात उतरवलं, तर विठ्ठलरावांच्या पदरात दोन गोष्टी पडणार होत्या. एक म्हणजे मेंढरांचं खत. ते सगळ्या घोटावडे गावाला दिसत होतं. दुसरं म्हणजे मेंढक्याचं ओझ्याचं काळं तट्टू. ते एकट्या विठ्ठलरावांना दिसलं होतं.

त्यांची पांढरी घोडी बैलगाड्याच्या शर्यतीत बैलांपुढं पळायची. यंदाच्या यात्रेत पहिला मान तिचाच, असं ते धरून चालले होते. पण पाऊस सरताना ओढ्याकाठच्या गोमाश्यांनी तिला बेजार केलं होतं.

गोमाशी ओळखावी तर विठ्ठलरावांनी. घरमाशीच्या दुप्पट-तिप्पट अंग, हिरवट चकाकते डोळे. आणि ती नुसती टोचत नाही, कातडी कापते, मग रक्ताचा ओघळच लागतो. मेलेली माशी तळहातावर घेऊन ते पारावर शिकवणी घेत. दोन डोळ्यांच्या मधे फट दिसली तर मादी, रक्त पिणारी तीच. डोळे चिकटलेले असले तर नर. तो बिचारा फुलांवर भागवतो. "आमच्या घरी तरी दुसरं काय हाय," असं वर म्हणत.

काळ्या जनावरावर ती आधी झेपावते, हे मात्र त्यांनी पारावर कधी सांगितलं नाही.

तट्टाला मधूनमधून ताप येतो, पाय सुजतात, त्याला लांब चिंचेखाली बांधतो, असं सिद्धनाथ आल्याआल्याच म्हणाला होता.

"चिंचेखाली कशाला? घोडीच्या दारात बांध की. सावली हाय, पाणी हाय. पाव्हणा हायेस तू."

दावंही आखूड ठेवायला लावलं. सिद्धनाथची बायको करिष्मा हिनं कडुनिंबाचा धूर केला, तर घोडीला ठसका लागतो म्हणून तो विझवला. तट्टाच्या पोटावरून दिवसभर रक्ताच्या रेघा उतरायच्या. घोडी तुकतुकीत दिसू लागली. विठ्ठलराव बाजेवर पडून दोघांकडं आळीपाळीनं बघायचे, आणि चहा गोड लागायचा.

मग घोडीला ताप भरला. पोट सुजलं, मागचे पाय लटपटू लागले. गुरांच्या डॉक्टर जुईलीताईंनी रक्त तपासलं आणि सर्रा रोग सांगितला, गोमाशी एका जनावराच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात नेते तो.

"काका, तट्टानं शेपूट मारलं की गोमाशी अर्धपोटी उठते. उरलेलं जेवण शेजारच्या ताटात. शेजारी कोण बांधलं होतं?"

विठ्ठलरावांनी विषय औषधावर नेला. औषधाला उशीर झाला होता. घोडी मेली तशी ते सिद्धनाथवर घसरले.

"आजारी जनावर आणलंस, सांगायचं तरी."

"सांगितलं होतं, मालक."

"मग मोठ्यानं सांगायचं."

भरपाई म्हणून तट्टू ठेवून घेतलं, आणि चिंचेखाली बांधलं. तिथनं त्यांच्या पांढऱ्या बैलांचा गोठा लांब पडतो. विठ्ठलराव एकदा शिकले की विसरत नाहीत.

वावराला खत झकास बसलं. घोडी जिवानिशी गेली. बैलांच्या वाट्याच्या गोमाश्या आता तट्टू सोसतं, आखूड दाव्यावर. आणि मेंढक्याचं बिऱ्हाड हललं तेव्हा तट्टाच्या पाठीवरचं सगळं ओझं, भांडी, घोंगड्या, कोंबड्यांच्या खुराड्यासकट, करिष्माच्या डोक्यावर होतं.