मूठ सैल सोडा

मी एक जुना चामड्याचा पट्टा आहे. कुत्र्याला फिरायला नेताना हातात धरतात ना, तोच. माझं एक टोक डांबर नावाच्या कुत्र्याच्या गळ्याशी आणि दुसरं आप्पांच्या मुठीत. त्यामुळे, मित्रांनो, दोघांच्याही मनातलं सगळ्यात आधी मला कळतं.

पिशव्या शिवणाऱ्या एका कारागिराने मला जाड दोऱ्याने शिवलं आणि कडा घासून गुळगुळीत केल्या. त्याच्या दुकानातून आप्पांच्या सूनबाईंनी मला घरी आणलं. त्यांच्या काखेत रस्त्यावर सापडलेलं एक काळंकुळकुळीत पिल्लू होतं. आप्पा म्हणाले, "हे काय गं, ओलं डांबर उचलून आणलंस?" झालं, तेच नाव पडलं!

आप्पा निवृत्त बसचालक. बायको गेल्यापासून ते नुसते खिडकीशी बसून असायचे. डांबरमुळे ते पुन्हा घराबाहेर पडू लागले, भाजीवाल्याशी हुज्जत घालू लागले. रोज त्यांच्या हातात मी असायचो, याचा मला केवढा अभिमान!

पण डांबर मोठा झाला आणि त्याला एक खोड जडली. समोरून दुसरा कुत्रा आला की तो अंगावर धावून जायचा. आप्पा मला मुठीभोवती गुंडाळून करकचून आवळायचे, वर ओरडायचे. मी ताणला गेलो की डांबर आणखीच चवताळायचा. एकदा बेकरीसमोर त्याने असा हिसका दिला की आप्पा आडवे झाले. मनगट मोडलं.

"बस झालं आता," आप्पांचा मुलगा म्हणाला. "मी याच्यासाठी दुसरं घर बघतो."

मला खुंटीला टांगलं गेलं. अंगावर धूळ बसली, चामडं कडक झालं. डांबर अधूनमधून खुंटीखाली येऊन माझा वास घ्यायचा आणि निमूट परत जायचा.

सूनबाईंनी मात्र हट्ट धरला, "आधी कुणा जाणकाराला दाखवू या, मग काय ते ठरवा." प्लास्टर निघाल्यावर त्यांनी कुत्र्यांना शिकवणाऱ्या एका बाईंना बोलावलं. बाई काही न बोलता आमच्यामागून चालत राहिल्या. मग म्हणाल्या, "आप्पा, कुत्रा दिसला की तुम्ही श्वास रोखता."

"मी? अहो, जन्मभर भर गर्दीतून बस चालवली. मी कशाला घाबरू?"

"मग मूठ का आवळता?"

आप्पांनी आपल्या मुठीकडे पाहिलं. मी तर हे केव्हापासून सांगत होतो, पण पट्ट्याचं ऐकतो कोण!

"पट्टा ताणला की डांबरला वाटतं, समोर नक्कीच धोका आहे. तो चिडत नाही, घाबरतो. आधी ओठ चाटतो, झोप नसताना जांभई देतो, अंग ताठ करतो. तुम्हाला मात्र नुसतं भुंकणं ऐकू येतं."

मग आमची शाळा सुरू झाली. लांबवर कुत्रा दिसला की थांबायचं, डांबर शांत असतानाच त्याला उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा. ओरडायचं नाही. कधी जमायचं, कधी सपशेल फसायचं. हळूहळू अंतर कमी होत गेलं.

एका सकाळी मुलगाही सोबत होता. अरुंद गल्लीत अचानक बेकरीवाल्याचा थोराड कुत्रा समोर आला. आप्पांची मूठ आवळली. मला वाटलं, संपलं सगळं! पण त्यांनी मोठा श्वास सोडला, बोटं सैल केली. मी मधोमध झोका खाऊन लोंबलो. डांबरने ओठ चाटले, तो क्षणभर ताठ उभा राहिला, आणि मग त्याने मान वळवून आप्पांकडे बघितलं.

"शाब्बास रे माझ्या राजा!" आप्पांनी खिशातून चिकनचा तुकडा काढला.

मुलगा हळूच म्हणाला, "आप्पा, त्या दुसऱ्या घराचं मी अजून कुणाशी बोललो नाहीये हं."

"बोलूही नकोस."

आता माझी शिवण उसवायला आलीय. सूनबाई मला तेल लावतात, म्हणून चाललंय. मजेत आहे मी. मित्रांनो, तुमच्या घरी कुत्रा असेल, तर पट्टा ओढण्याआधी एकदा त्याच्याकडे नीट बघा. भुंकण्याआधी तो बरंच काही बोललेला असतो.