शेपट्यांची वजाबाकी

"वजा म्हंजे काढून घ्यायचं, गं बाई! दहातनं चार काढल्या तर काय उरलं?"

कोरीनचा आवाज चढला तशी सहा वर्षांची हॅटी आणखीच हटून बसली. कुंपणापाशी चिखलात फतकल मारलेली, पुढ्यात कोकरांच्या कापलेल्या शेपट्या. अमेरिकेतल्या वायोमिंगच्या त्या उघड्या माळावर शाळा दोन डोंगरांपल्याड, म्हणून मास्तरीण आईच. आणि पळती कोकरं कोण मोजणार? घाण साचू नये म्हणून शेपूट कापायचीच असायची, ती ढिगात टाकायची. शेपट्या तितकी कोकरं. हॅटी दहा-दहाच्या ओळी लावून बेरीज फडाफड करायची. वजाबाकी म्हटलं की घोडं अडलंच.

"का काढू? समदी हितंच हायती की."

"समज, कोल्ह्यानं न्हेली."

"मग बाबा काय झोपले व्हते?"

ऑरिन पोट धरून हसला. "घ्या! ह्यात माझा काय गुन्हा?"

गेल्या साली कोकरं फार मेली होती. यंदाही तेच झालं तर कळप विकून ऑरिनच्या भावाकडं शहरात जायचं, असं ठरलेलं. म्हणून शेपट्यांच्या ओळी बघून तो बायकोला हळूच म्हणाला, "ऱ्हायलो बघ आपण. यंदा कुठं जात न्हाई."

आणि चारच दिवसांत, ऐन मे महिन्यात, मेलं बर्फ पडलं. ओलं, जड, वाऱ्यासंगं आडवं. मेंढरं-कोकरं वाऱ्याला पाठ देऊन चालत सुटली, ती तारेच्या कुंपणाला अडून एकावर एक चढली. खालची गुदमरली. सकाळी नवरा-बायको ओढून ओढून मेलेली काढत होती.

"संपलं, कोरीन," म्हणत ऑरिन बर्फातच बसला.

तेवढ्यात हॅटी शेपट्यांची बादली सांभाळत धावत आली. "रडू नगा, बाबा! म्या मोजल्या. समद्या हायती. एक बी कमी न्हाई!"

ऑरिननं तोंड फिरवलं. "तूच सांग तिला. तू मास्तरीण."

कोरीननं बादलीतली एक शेपूट उचलली आणि मेलेल्या एका कोकराशेजारी ठेवली. हॅटी बघत राहिली. मग तिनं स्वतःच दुसरी ठेवली, तिसरी ठेवली. दुपार कलली तरी पोर वाकून ठेवतच होती.

"आये, उरल्या त्या जित्या?"

"व्हय, बाळा."

हॅटीनं बादलीत डोकावलं. "नऊ."

"बरोबर," कोरीन म्हणाली.

पहिल्यांदाच बरोबर आलं होतं. पोर शाब्बासकीची वाट बघत तिथंच उभी राहिली.