तिसऱ्या मंगळवारचा कौल

"आजपन पडत नाय," गोविंदा गुरव म्हणाला आणि खांबाला टेकून बसला.

देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी लावलेली होती. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गावातली लग्नं, विहिरी, भाऊबंदकी, सगळं या दोन पाकळ्यांवर चालत आलेलं. जनीचा प्रश्न साधा होता : रोह्याच्या हरेशशी लग्न करू का?

तिचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, हरेशची बायको जाऊन तीन. पेणचा गणपती हवा म्हणून हरेश दरवर्षी जोह्याच्या मूर्तींच्या कारखान्यात, जनी कामाला होती तिथं, यायचा आणि कंपनीतल्या शिफ्टचं रडगाणं गात तासभर बसायचा. यंदा मूर्ती सांगायला आला आणि लग्नाचं विचारून बसला. जनीला तो आवडत होता. पण चाळिशीतल्या बाईनं नुसत्या आवडीवर कसं जायचं? "देवीला विचारून सांगते," ती म्हणाली होती.

आणि देवी तीन मंगळवार गप्प.

"तिच्या मनात नसंल गो," जनीची सासू बायजा म्हणाली. फुलांचं ताट दर खेपेला तीच घरून आणायची.

जनी मूर्तींचे डोळे आखायची. बारीक बघणं हा तिचा धंदाच. पाकळीच्या कडेला तिला चकाकी दिसली. पाणी एव्हाना सुकायला हवं होतं. हा डिंक होता, मुकुटावर खडे चिकटवतात तो. कारखान्यातले मुकुट घरी आणून खडे बसवायचं काम बायजा करायची. डोळे अधू झाले तरी हात सफाईदार होता.

गुरवाला मोतीबिंदू. त्याला काही कळलं नव्हतं. तो बाहेर गेल्यावर जनीनं ओल्या पदरानं देवीचे खांदे पुसले. तिला राग आला होता.

"नुसती उजवी चिकटवायची होती, आई. नकार आला असता, सुटला असता इषय."

"देवीला खोटं बोलाया लावू?" बायजा घाबरून म्हणाली. "जरा गप्प बसवली, एवढंच."

दोघी पायरीवर बसल्या. फुलांचं ताट मांडीवर घेत बायजा म्हणाली, "तू गेलीस की मी एकली, गो."

हे आधी सांगितलं असतं तर तीन मंगळवारचा खाडा वाचला असता, असं जनीच्या मनात आलं. पण राग तिथंच ओसरला. म्हातारीचा हात धरून तिनं तिला घरी सोडलं आणि कामावर गेली.

दुपारी एका मूर्तीचा उजवा डोळा आखून झाला आणि तिनं हरेशला फोन लावला.

"काय म्हनली देवी?" त्यानं विचारलं.

"तिला आता नाय विचारणार. तुम्हांलाच विचारते. माझ्याबरोबर आई येतील. कायमच्या. चालंल?"

"आई म्हंजे... पयल्या नवऱ्याची?"

"व्हय."

पलीकडे कंपनीचा भोंगा वाजला.

"देवाला विचारून सांगतो," भोंगा थांबल्यावर हरेश म्हणाला.

"विचारा," जनी म्हणाली. "घाई नाय."

फोन ठेवून ती मूर्तीकडे वळली. मूर्ती एका डोळ्यानं बघत होती. देवाला असं अर्धं ठेवू नये. तिनं कुंचला रंगात बुडवला आणि डावा डोळा आखला.