दिवेवाल्याचा पाय

वरच्या कवळीतला पुढचा दात पॉलिशच्या चाकाला लावलेला असतानाच फोन वाजला. कवळीकरांनी तो खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबून धरला आणि काम चालू ठेवलं.

"आला," पलीकडून पुस्तकवाला म्हणाला.

"कोण आला?"

"तुमचा दिवेवाला. आत्ताच खोका फोडला. आणि ऐका, शेवटचा भाग आहे. संपली गोष्ट."

चाक फिरतच होतं. कवळीकरांनी ते बंद केलं तेव्हा दात चोखलेल्या गोळीसारखा गुळगुळीत झाला होता. त्यांनी तो काढून टाकला आणि दुसरा शोधायला डबा उघडला. दात ही गोष्ट त्यांच्याकडे कधी कमी पडत नसे.

कवळीकर हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. खरं आडनाव विजेच्या बिलावर होतं आणि तिथेच सुखाने राहत होतं. दातांचे डॉक्टर जबड्यांचे साचे पाठवत, हे त्यांवरून कवळ्या बनवत, आणि गल्लीतली निम्मी म्हातारी माणसं यांनीच बनवलेल्या दातांनी यांनाच नावं ठेवत.

पुस्तकाचं दुकान एका जिन्याखाली होतं. आत शिरताना उंच माणसाला वाकावं लागे. कवळीकर उंच नव्हते, पण सवयीने वाकत.

"चेहरा तरी हलवा जरा," पुस्तकवाला म्हणाला. "वर्षानुवर्षं डोकं खाल्लंत माझं. आला का, आला का. माझं लग्न ठरायची माझ्या आईनेसुद्धा एवढी वाट पाहिली नव्हती."

"लेखकाची पाठ कशी आहे आता?"

"बरी असणार. त्याशिवाय पुरं केलं का?"

"की बसवत नाही म्हणून आटोपतं घेतलं?"

"ते मला काय ठाऊक? मी पुस्तकं विकतो, पाठी तपासत नाही." त्याने पुस्तक कागदात गुंडाळलं. "मुलीसाठी एक प्रत पाठवून देऊ का तिकडे?"

"नको," कवळीकर म्हणाले. मग आपण फार पटकन बोललो असं वाटून त्यांनी जोडलं, "मी सांगतो तिला."

गोष्ट तशी साधी होती. एका अंधाऱ्या गावाचा एक दिवेवाला डोंगरावरची ज्योत घेऊन घरी निघतो. वाटेत दलदल लागते. हा मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, लेक शाळेत असताना घरात आला, आणि पोरगी उजवीकडून डावीकडे असं उलटं काय वाचत बसते हे तपासायला म्हणून कवळीकरांनी पहिला भाग हातात घेतला. तपासणी इतकी लांबली की पुढचा भाग आधी कुणी वाचायचा यावरून बापलेकीत भांडणं होऊ लागली. शेवटी करार झाला: छापील पुस्तक येईल तेव्हाच वाचायचं, आणि दुसऱ्याला सांगितल्याशिवाय उघडायचं नाही.

मग एका भागाच्या शेवटच्या पानावर दिवेवाल्याने दलदलीच्या ऐन मध्यात एक पाय उचलला, आणि खाली छापून आलं की लेखकाच्या पाठीच्या दुखण्यामुळे पुढचा भाग लांबणीवर पडला आहे. तेव्हापासून तो बिचारा एका पायावर उभा होता. मध्यंतरी लेकीचं शिक्षण पुरं झालं, ती लांबच्या शहरात ऑपरेशनच्या वेळी भूल देणारी डॉक्टर झाली, याचा पाय वरच.

त्यातून उचललेला पाय कुठला, हेही लेखकाने लव्हाळ्यांत झाकून ठेवलं होतं. कवळीकरांचं मत डावा. लेकीचं मत उजवा. कवळीकरांनी मेणाचा दिवेवाला करून उभा केला, तो आधी एका बाजूला पडला, मग दुसऱ्या. लेकीने हाडांच्या डॉक्टरला चित्र दाखवून उजव्या पायाच्या बाजूने लेखी मत आणलं. कुणीही तसूभर हललं नाही.

लेकीचा फोन खरं तर तिच्या आईसाठी असे. दर रविवारी सकाळी माय-लेकी तासभर बोलत आणि शेवटी आई म्हणे, "घे, बाबा घुटमळतायत." मग एवढंच: आला का? नाही. डावाच. उजवाच. आणि फोन परत आईकडे.

गेल्या हिवाळ्यात आई गेली. लेक आली, तिने डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारले, नेमकी उत्तरं घेतली आणि चार दिवसांनी ड्यूटीवर परत गेली. कवळीकर त्याच दुपारी कुणाच्या तरी खालच्या कवळीला बसले. एक दात बसवणारा, एक भूल देणारी. बधिरपणा हा घरचाच धंदा म्हणायचा. लेकीच्या मावशी जाता जाता म्हणाल्या, "मोकळे व्हा हो एकदा." कवळीकरांनी न्हाणीघरात नळ सोडून प्रामाणिकपणे प्रयत्न केला. तोंड ओलं झालं, पण नळाने.

त्यानंतरच्या रविवारी फोन सरळ त्यांनाच आला. चहा झाला का, झाला. औषध घेतलंत, घेतलं. मग कुणालाच काही सुचेना आणि स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघर दोघं ऐकत राहिली. अखेर लेक म्हणाली, "आला का?" हे म्हणाले, "नाही," आणि त्या एका पायावर अर्धा तास निघाला. तेव्हापासून प्रत्येक रविवार त्या पायावरच उभा होता.

आता शेवटचा भाग आला होता. पाय खाली येणार, गाव उजळणार, आणि पुढच्या रविवारी पुन्हा फ्रिज.

घरी आल्यावर त्यांनी पुस्तक फक्त पहिल्या पानापुरतं उघडलं. उचललेला पाय खाली येऊन चिखलात रुतला होता. डावा. इतक्या वर्षांनी ते जिंकले होते. जिंकल्यावर माणसाला जे काही होतं म्हणतात त्याची त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग पुस्तक मिटून साच्यांच्या फळीवर, प्लास्टरच्या एका खालच्या जबड्यामागे सरकवून दिलं.

रविवारी फोन आला तेव्हा ते खिडकीशी उभे राहिले, कारण आवाज तिथेच नीट येई. एक पाय स्टुलाच्या आडव्या दांडीवर टेकवला.

"चहा झाला, बाबा?"

"झाला. तुझा?"

"हो."

फ्रिज सुरू झाला. प्रश्न या वेळी जरा उशिराच आला.

"आला का?"

कवळीकरांनी फळीवरच्या जबड्याकडे पाहिलं. "नाही."

"पुस्तकवाल्याला विचारलंत?"

"परवाच जाऊन आलो. म्हणतो, पाठ काही बरी नाही अजून."

"हं. पाठीचं दुखणं वाईटच." ती थांबली. "इथेही नाही आला." पुन्हा थांबली. "बाबा, मी काय म्हणते, तुमचं बरोबर असेल. डावाच असेल तो."

लेखी मत आणणारी पोरगी ही. तिच्या आवाजात हरल्याचा रागही नव्हता. सुई टोचण्याआधी पेशंटला 'काही नाही, मुंगी चावल्यासारखं होईल' असं सांगताना ती ज्या आवाजात बोलत असेल, तो आवाज होता.

खाली गल्लीत कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली. ती घसरली. त्याने परत टेकवली.

"असा कसा डावा?" कवळीकर म्हणाले. "उजवा आहे."

"काय?"

"मी परत नीट बघितलं. ज्योत कुठे झुकलीय बघ. डावा उचलला असता तर पडला असता तो."

"पडला नसता."

"मेणाचा पडला होता."

"मेणाचा दोन्हीकडे पडला होता, बाबा." मग सावकाश म्हणाली, "म्हणजे आता तुम्ही उजव्याच्या बाजूने."

"हो. आणि तू डाव्याच्या. कुणीतरी असायला पाहिजे ना."

"पाहिजे," ती म्हणाली.

फ्रिजची घरघर केव्हा थांबली ते कळलं नाही.

"आई काय म्हणायची आठवतं?" तिने विचारलं. हिवाळ्यापासून 'आई' हा शब्द फोनवर आला नव्हता.

"काय म्हणायची?" कवळीकरांना आठवत होतं. पण त्यांनी विचारलं.

"पुस्तकच उलटं धरून वाचता, त्यात डावं काय नि उजवं काय. आधी जेवायला या दोघं."

"आणि गार झालं की ओरडायची."

"तुमच्यावर."

"तुझ्यावर."

"तुमच्यावर. मला परत गरम करून द्यायची."

"अगं, ते माझ्या ताटातलं असायचं."

पलीकडून आवाज आला, हसल्याचा किंवा नाक ओढल्याचा. कवळीकरांनी कुठला ते विचारलं नाही. दांडीवरचा पाय कधीचाच बधिर झाला होता, आणि आता त्यात घोट्यापासून वर मुंग्या येऊ लागल्या होत्या. खाली ठेवला असता तर बरं वाटलं असतं.

"ऐकतेयस ना?" ते म्हणाले, पाय तसाच ठेवून. "तर ती ज्योत..."