पालिकेच्या दारात बँड

मार्च उजाडला की नगरपालिकेला घरपट्टी आठवते आणि नेमका त्याच महिन्यात गावाला विसरभोळेपणा जडतो. पाण्याच्या टाकीसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता तोंडावर आलेला, म्हणून पालिकेनं सलग दुसऱ्या वर्षी ठराव केला: थकबाकीदाराच्या दारात बँड वाजवायचा. लाजेनं तरी पैसे सुटतील! पुढे यादी घेतलेले वसुली लिपिक उद्धवराव, मागे मेहबूबभाईंचा बँड. गल्लीत वाजतगाजत वरात निघाली की लोक खिडकीतूनच नोटा पुढे करत.

एकतीस मार्चला यादीत शेवटचं नाव उरलं, ते खुद्द मेहबूबभाईंचं. उद्धवरावांनी ते पान चार दिवस दडवून ठेवलं होतं. बीटीचं महाग बियाणं पेरूनही दोन वर्षं शेतकऱ्यांच्या हाती कापूस लागला नव्हता. खेड्यातली लग्नं चोरून उरकल्यासारखी होत होती, मग बँडला कोण विचारतो? घरपट्टी थकली. आज भरली नाही तर नळ तुटणार होता, आणि शुक्रवारी त्यांच्या मुलीचं, गुलनाजचं लग्न.

गंमत अशी की गेल्या वर्षीच्या वाजवण्याचे पैसे पालिकेकडंच अडकले होते. आधी घरपट्टीची पावती आणा, मग बिल काढू, असं हिशेब शाखा म्हणे. उद्धवराव पाचदा भांडून आले होते. त्यांच्या स्वतःच्या लग्नात याच माणसानं भर उन्हात दोन तास क्लॅरिनेट वाजवलं होतं.

मेहबूबभाईंनी यादी वाचली आणि हसून म्हणाले, "हाव, माह्या दारातही वाजवतो. ठराव म्हंजे ठराव."

दारातून त्यांची बायको खुर्शीदा म्हणाली, "भाऊ, नळ तोडाले शुक्रवारनंतर या. तेवढं तरी करा."

उद्धवरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी खिशातला पेन काढला आणि यादीच्या तळाशी आणखी एक नाव लिहिलं.

"मेहबूबभाई, अजून एक घर राह्यलं. चला."

बँड थेट नगरपालिकेच्या दारात जाऊन दणाणला. बाजार सगळा लोटला. मुख्याधिकारी तावातावानं बाहेर आले.

"इथं काऊन वाजवून राह्यले? कोणाची थकबाकी आहे?"

उद्धवरावांनी यादी पुढं केली. "आपली, साहेब. बँडचं बिल, एक वर्षाचं. जो थकवील त्याच्या दारात बँड, ठराव आपलाच आहे."

आधी एक भाजीवाली फिदीफिदी हसली, मग सगळा बाजार. साहेबांचे कान लाल झाले. अर्ध्या तासात बिल निघालं, त्यातूनच घरपट्टी भरली गेली आणि पावती खुर्शीदाच्या हाती पडली.

शुक्रवारी मांडवात मलकापूरच्या पाहुण्यांना जग घेऊन पाणी वाढत होते ते उद्धवराव. खिशात पालिकेची 'कारणे दाखवा' नोटीस होती. दोन दिवस झाले, त्यांनी ती अजून उघडलीही नव्हती. त्यांचं सगळं ध्यान अंगणातल्या नळाकडं होतं, आणि नळ झकास चालू होता.