सैयदांच्या घरातली कणगी

मी धान्य साठवायची एक जुनी मातीची कणगी आहे. मित्रांनो, घग्गर नदीकाठच्या कोट सैयदां गावात, पीर लुत्फअली शाह यांच्या घरातल्या आतल्या खोलीत मी उभी आहे. ज्या दिवशी घडले, त्या दिवसापासून तिथेच आहे. मला या खोलीतच बांधलं, आणि मी दारापेक्षा दुप्पट रुंद आहे. मला बाहेर काढायचं तर एक तर भिंत फोडावी लागेल, नाही तर मला.

मला पीरजींच्या बायकोनं, बीबी जैनबनं, स्वतःच्या हातांनी घडवलं. तळ्यातली चिकणमाती, गव्हाचा भुसा आणि घोड्याची लीद. रोज एक वीत चढवायची, वाळू द्यायची, मग पुढची वीत. माती तुडवायला पीरजी स्वतः उतरले होते. ज्या पायांना हात लावायला लोक लांबून येत, ते पाय गुडघ्यापर्यंत चिखलात!

"शाहजी, जरा जोरात तुडवा," बीबी हसून म्हणाली. "इथे कुणी पाया पडायला येणार नाही."

"म्हणून तर इथे बरं वाटतं," पीरजी म्हणाले.

माझं वरचं तोंड चांगलं ऐसपैस आहे, त्यावर मातीचंच झाकण. खाली मुठीएवढं भोक आणि त्याला चिंध्यांचा बोळा. दर जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, दारात येईल त्याच्यासाठी बोळा निघायचा. ज्याची ओंजळ पुढे येई, ती भरायची. जात, धर्म कुणी विचारत नसे. बायका म्हणायच्या, ही कणगी कधी रिती होत नाही. मी होत असे, पण लोकांनी कौतुक केलं तर आपण कशाला नाही म्हणायचं? मला माझ्या पोटाचा फार अभिमान होता, हे मी कबूल करते.

मग वाईट दिवस आले. शीख असणं हाच गुन्हा ठरला. बादशहाचा शहरातला फौजदार शिखांना रानोमाळ शोधून मारू लागला. त्यांना लपणंही कठीण, कारण ते केस कापत नाहीत; पगडी सुटली की माणूस ओळखला गेलाच. या घराचा मात्र गुरुघराला, म्हणजे शिखांच्या गुरूंच्या घराण्याला, जुना शब्द होता: शिखावर वेळ आली तर हे दार उघडं असेल. शब्द दिला तेव्हा चांगले दिवस होते. असल्या शब्दाची किंमत नंतर कळते.

एका सकाळी निगाहिया सिंह लंगडत मागच्या दाराशी आला. तो सुतार होता. दरवर्षी पीरजींच्या विहिरीवरचा रहाट तोच दुरुस्त करी. मांडीत भाला घुसला होता आणि नदीच्या उतारापासून शिपाई मागावर होते.

"पीरजी, मी पुढे जातो," तो म्हणाला. "तुमच्यावर बालंट नको."

"आधी आत ये. मग काय शहाणपणा करायचा तो कर."

लपवायला जागा कुठे होती? बीबीनं माझ्याकडे पाहिलं. दोघा नवराबायकोंनी घाईघाईनं माझ्यातला गहू रांजणांत भरला. निगाहिया म्हणाला, "सगळा काढू नका. तळाला हातभर राहू द्या, वर फळी टाका. कुणी भोक उघडलं तर गहू पडला पाहिजे." अंगात रक्त उरलं नव्हतं, तरी त्यानं स्वतः माप घेऊन फळी बसवली. गव्हाचं माप बरोबर घेतलं. स्वतःच्या पायांचं घ्यायला विसरला. आत उतरला, तेव्हा गुडघे छातीशी आले आणि पाठ माझ्या भिंतीला चिकटली. झाकण पडलं.

शिपाई गावात शिरले आणि पीरजींच्याच विहिरीवर तळ ठोकून बसले. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस.

मित्रांनो, तोवर मला अडकणं म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. एका जागी उभं राहणं हा माझा धर्मच. पण माझ्या पोटात एक जिवंत माणूस पाय लांब करू पाहत होता आणि त्याला अडवणारी भिंत मीच होते. त्याचा घाम माझ्या मातीत मुरायचा. तो कूस बदलायला जाई, त्याचा खांदा मला लागे आणि तो तसाच थांबे. मला वाटे, आपण जरा रुंद व्हावं. मला वाटून काय होतं!

दुपारी शिपाई जेवून आडवे झाले की बीबी झाकण सरकवून रोटी आणि ताक आत देई.

"बीबीजी, मला कीड लागली नाही ना, ते बघताय का?" पहिले तीन दिवस तो असं विचारायचा.

"लागली तर उन्हात पसरीन तुला," ती म्हणायची. "बडबडू नको, गीळ."

चौथ्या दिवसापासून त्याला ताप चढला आणि थट्टा बंद झाली. "बीबीजी, एकदाच पाय सरळ करू द्या," एवढंच तो म्हणे. ती झाकण लावून घेई आणि माझ्याशी टेकून रडे. आत तो, बाहेर ती, मध्ये मी.

आठव्या दिवशी जुम्मेरात होती. गावातली बाकीची घरं धुंडाळून झाल्यावर शिपायांचा जमादार मीरक बेग या घराची झडती घ्यायला आला. तो याच गावचा. त्याच्या आईनं कितीदा माझ्या भोकाखाली पदर धरला होता! आतल्या खोलीत शिरताना तो दारात मुद्दाम खाकरला, बीबीला चेहरा झाकायला वेळ दिला. पीरजी माझ्या अंगावर हात ठेवून उभे होते. मीरकनं खाली वाकून बोळा ओढला. गहू भरभर पडला. त्यानं मूठभर उचलला, हुंगला, बोळा परत लावला.

"माफ करा, पीरजी. हुकूम आहे."

"हुकूम बजावलास ना? मग थोडा गहू ने. आज जुम्मेरात आहे."

तो अंगणात गेला. आम्हाला वाटलं, सुटलो. पण त्याला एक शेवटची युक्ती शिकवलेली होती. शीख माणसाला एक हाक ऐकून गप्प राहता येत नाही. एकानं "बोले सो निहाल", म्हणजे जो बोलेल तो धन्य, असं म्हटलं, की ऐकणाऱ्यानं "सत् श्री अकाल" म्हणायचंच, मग तो सुळावर का असेना. उसात लपलेले कित्येक जण या हाकेला ओ देऊन पकडले गेले होते. मीरक बेग अंगणाच्या मध्यभागी उभा राहिला आणि छाती फुगवून ओरडला, "बोले सो निहाल!"

माझ्या पोटात निगाहियाची छाती भरून आली. त्यानं पगडीचं टोक तोंडात कोंबलं. गप्प राहिला. बाबा रे, असाच राहा, मी मनात म्हणत होते.

"बोले सो निहाल!"

तापात माणसाला कुठलं भान! पगडीचं टोक गळून पडलं.

"सत् श्री..." माझ्या पोटातून घोगरा आवाज निघाला. मग त्याला कळलं, आपण काय केलं. त्यानं दात आवळले.

"अकाल!" पीरजींनी त्याच श्वासात, घर दणाणून जाईल अशा आवाजात ती हाक पुरी केली, आणि सरळ चालत अंगणात गेले.

शिपाई उभे राहिले. मीरक बेगचा चेहरा उतरला.

"पीरजी, ही हाक तुमची?"

"शेवट कुणाच्या तोंडून ऐकलास? मग विचारतोस काय?"

"सुरुवात घोगरी वाटली."

"म्हाताऱ्याचा घसा आहे. खाकरेपर्यंत घोगराच असतो."

मीरक जवळ सरकला, आवाज खाली आणून म्हणाला, "जीभ घसरली म्हणा. माझी माणसं ऐकताहेत. माझ्या आईनं तुमच्या दारचा गहू खाल्लाय, पीरजी. एवढं एक म्हणा."

"देव सत्य आहे, त्याला मरण नाही, एवढंच तर म्हटलं," पीरजी म्हणाले. "यातलं काय मागे घेऊ, ते तू सांग."

मीरकनं एकदा मागे आपल्या माणसांकडे पाहिलं. त्यानं पीरजींचे हात बांधले. आत निगाहिया झाकणाला डोकं लावून धडपडत होता. बीबी तिपाईवर चढली आणि दोन्ही हातांनी झाकण दाबून धरलं. "बस खाली," ती दबक्या आवाजात म्हणाली. "तू बाहेर आलास तर दोघांनाही नेतील. मग त्यांचं जाणं फुकट." तिचा नवरा अंगणातून बाहेर जात होता आणि तिला त्याच्याकडे वळून पाहताही आलं नाही. निगाहिया नखांनी माझी भिंत ओरबाडत राहिला. मी एवढी मोठी, पण माझ्याच्यानं इतकंही झालं नाही की आपणहून फुटावं. आणि फुटले असते तर सगळंच गेलं असतं. त्या दिवशी आम्ही तिघंही कोंडलेले होतो.

तिसऱ्या दिवशी मीरक बेग एकटाच आला. उंबऱ्यावर पीरजींची हिरवी पगडी ठेवली, तिथेच बसून हुंदके दिले आणि निघून गेला. दुपारी विहिरीवरचा तळ उठला.

बीबीनं झाकण काढलं. निगाहिया बाहेर यायला तयार होईना. शेवटी तिनं त्याला काखेत हात घालून ओढून काढलं. पाय सरळ होईनात. तो जमिनीवर तसाच मुटकुळं करून पडला.

"माझ्या दोन शब्दांनी तुमचं घर बुडालं, बीबीजी."

बीबीनं पगडी मांडीवर घेतली होती. तिचा सुटलेला पेच तिनं नीट गुंडाळला. मग म्हणाली, "अर्धी हाक तुझी होती, अर्धी त्यांची. पुरी झाली ना? मग रडू नको. पाय चोळ आणि ऊठ."

पाय बरा झाल्यावर तो गेला. पुढे काळ पालटला तेव्हा एकदा उघडपणे परत आला, आणि बीबी नको म्हणत असताना रहाट दुरुस्त करून गेला. आता बीबीही नाही. पुतण्याच्या सुनेनं या खोलीत शेळ्या बांधल्यात. माझ्यात मोडकी खुरपी टाकतात, उंदीर राहतात. ती म्हणते, फोडून टाका, जागा तरी होईल. तिचं चूक नाही, तिला कुणी सांगितलंच नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, मित्रांनो. घरातल्या जुन्या वस्तूवर वर्षातून एकदा तरी मातीचा हात फिरवा, आणि तिच्या पोटात काय राहून गेलंय ते मोठ्यांना विचारा. आणि एक मागणं आहे. मी त्या दिवशी सगळं ऐकलं, पण मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे. कुणाचा आवाज भीतीनं अर्ध्यातच अडकला, आणि तो तुमच्या धर्माचा नसला, तरी पुढचा शब्द तुम्ही म्हणा.